यंत्राची घरघर : घरगुती ध्वनियंत्रांच्या शमनाचा आणि पुनर्रचनेचा इतिहास

१. विषयप्रवेश

मराठीत ‘घरघर’ हा अनुकरणवाचक शब्द दोन परस्परविरुद्ध प्रसंगी योजला जातो. पहाटेच्या जात्याची घरघर ही घर जागे झाल्याची आणि दळण पडू लागल्याची खूण होय. उलटपक्षी, अंथरुणास खिळलेल्या माणसाच्या घशातील घरघर ही त्याचा अंतकाळ समीप आल्याची खूण होय. ‘घरघर लागणे’ हा वाक्प्रचार दुसऱ्या अर्थावरून रूढ झाला आणि पुढे तो संस्था, उद्योग व चळवळी यांच्या ऱ्हासासही लावला जाऊ लागला. पहिला अर्थ मात्र जात्याबरोबरच मागे पडत गेला. परिणामी आज कोणतेही यंत्र घरघरू लागले की ते आता संपले, असा निष्कर्ष जणू भाषाच काढून ठेवते.

हा निष्कर्ष तपासून पाहण्याचा प्रसंग अनेक घरांतून येत असतो. दिवाणखान्यात दूरचित्रवाणी संचाला जोडून ठेवलेला, गाणी व चित्रपट लावण्याच्या कामी येणारा संगणक चार-सहा वर्षांनी इतका आवाज करू लागतो की, गाण्यातील शांत जागा त्याच्या पंख्याच्या घोंघावण्यात बुडून जातात. अशा वेळी दोन सल्ले मिळतात. एक पक्ष म्हणतो, आहे ते यंत्र साफसूफ करून, पंखा बदलून शांत करावे. दुसरा म्हणतो, त्यावर पैसा घालण्यापेक्षा सुटे भाग आणून नवा ‘असेंबल्ड’ संगणक उभा करावा. वरवर पाहता हा वाद केवळ सोयीचा व खर्चाचा आहे. परंतु घरात ध्वनी निर्माण करणाऱ्या यंत्रांचा महाराष्ट्रातील इतिहास पाहिला असता, हाच वाद प्रत्येक पिढीस निराळ्या रूपात पडलेला दिसतो. आणि त्याच्या निर्णयाबरोबर दरवेळी यंत्राहून अधिक मोलाचे काहीतरी राहिले अथवा गेले, असेही दिसते. हा इतिहास संक्षेपाने मांडणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील कोरीट यांसारख्या खानदेशातील गावाच्या परिस्थितीत त्याचा अर्थ काय होतो हे पाहणे, एवढाच या निबंधाचा हेतू आहे.

२. जाते आणि गिरणी

ज्या घरगुती यंत्राच्या आवाजावर मराठी स्त्रीने आपले गाणे रचले असे यंत्र म्हणजे जाते. जात्याची घरघर ही ओवीच्या मार्गातील अडचण नव्हती; ती तिची साथ होती. दळणाऱ्या हाताचा फेरा आणि ओवीच्या चरणाची लांबी यांचा मेळ बसलेला असे, आणि अखंड चालणारा दगडाचा स्वर गाणारीला आधार देत असे. आवाज करणारे यंत्र आणि त्यावर ऐकू येणारे गाणे यांत येथे वैर नव्हते.

पुढे पिठाची गिरणी आली. स्त्रियांचे पहाटेचे कष्ट तिने हलके केले, आणि म्हणून तिचे स्वागत झाले हे योग्यच होते. परंतु दळण घराबाहेर गेले त्याबरोबर ओवी म्हणण्याचा प्रसंगही घराबाहेर गेला, आणि त्याला जाण्यास दुसरे ठिकाण उरले नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी पुण्याहून चालविलेल्या संकलनकार्यात महाराष्ट्रातील एक हजारांहून अधिक गावांतून एक लक्षाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांपैकी बऱ्याच ओव्या बेर्नार बेल यांच्या साहाय्याने ध्वनिमुद्रितही करण्यात आल्या. एवढ्या मोठ्या प्रमाणावर संकलन हाती घ्यावे लागले, याचे एक कारण जुने यंत्र वापरातून गेले हेच होय. गिरणीने जात्याचे काम पूर्णपणे उचलले. जात्यावर होत असलेले दुसरे काम उचलण्याचा तिला प्रश्नच पडला नाही.

यावरून पहिला धडा असा निघतो की, नवे यंत्र जुन्या यंत्राचे जाहीर केलेले काम घेते, अध्याहृत काम घेत नाही. म्हणून यंत्र बदलण्यापूर्वी, ते आणखी कोणते काम करीत होते हे विचारावयास हवे.

३. ग्रामोफोन : दोन प्रकारचे आवाज

साठविलेला ध्वनी घरात पुन्हा ऐकविणारे यंत्र म्हणजे ग्रामोफोन. १९०८ मध्ये कलकत्त्यास तबकड्या छापण्याचा कारखाना सुरू झाला आणि मराठी नाट्यपदे, लावण्या व भजने यांच्या तबकड्या घरोघर पोचू लागल्या. या यंत्राच्या आवाजाचे दोन उगम होते. पहिला उगम यंत्रात होता : चावीच्या मोटरमधील सुटलेली कमान, वाळलेले वंगण, झिजलेले दंतचक्र. दुसरा उगम तबकडीत होता. लाखेच्या तबकडीत खनिजाची बारीक पूड मिसळलेली असे. पोलादी सुई त्या पुडीवर घासून खाचेच्या आकाराची व्हावी अशी ती योजना होती. तबकडीची प्रसिद्ध ‘खरखर’ ही या घर्षणाचीच होती.

या दोहोंचे उपाय भिन्न होते. मोटरची घरघर वंगणाने व कमान बदलून शमत असे. तबकडीची खरखर मात्र सुई प्रत्येक बाजूस नवी घातली तरी समूळ जात नसे, कारण ती पदार्थातच होती. तिच्यासाठी तबकडीचा पदार्थ बदलावा लागला. १९४८ मध्ये अमेरिकेत व्हिनाइलची, मिनिटास ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ तबकडी बाजारात आली आणि हा प्रश्न सुटला. परंतु तो सोडविण्यासाठी यंत्रही नवे घ्यावे लागे, आणि त्या यंत्रास वीज लागे.

येथे भारतीय इतिहासाने वेगळे वळण घेतले. इंग्लंड व अमेरिकेत ७८ फेऱ्यांच्या तबकड्या छापणे जवळजवळ संपल्यानंतरही भारतात त्या निघतच होत्या. १९६० च्या दशकाच्या मध्यात बीटल्स या इंग्लिश गायकवृंदाची गीतेही येथे ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर निघाली, आणि जगभरचे संग्राहक आज त्या भारतीय तबकड्या शोधीत असतात. याला मागासलेपण म्हणण्याची घाई करू नये. ज्या घरी वीज नाही, पण चावीचे यंत्र आहे, त्या घराच्या दृष्टीने जुन्या यंत्राची निगा राखणे हा एकमेव शहाणपणाचा मार्ग होता. पुढे जेव्हा ती यंत्रे खरोखरच अडगळीत गेली, तेव्हा त्यांच्याबरोबर तबकड्याही भंगारात गेल्या. १९९० मध्ये मुंबईत भारतीय तबकडी-संग्राहकांची संस्था स्थापन झाली, तिच्या कार्यामागे हीच हानी होती. तबकडी शाबूत असूनही ती वाजविणारे यंत्र घरात नसेल, तर तीतील आवाज त्या घरापुरता मुकाच होतो.

४. रेडिओ : ज्याच्या पोटात काही नाही असे यंत्र

रेडिओचा इतिहास याच्या अगदी उलट आहे. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. पुण्याचे केंद्र १९५३ मध्ये निघाले. खानदेशासाठी जळगावचे केंद्र १९७६ मध्ये आले. व्हॉल्व्हच्या संचास ‘गुणगुण’ हा स्वतःचा रोग होता. भारतातील विजेचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनांचा आहे. तो एकदिश करताना १०० आवर्तनांचा कंप मागे उरतो आणि तो गाळून टाकण्याचे काम कंडेन्सर करतो. कंडेन्सर सुकला की हा कंप कर्ण्यातून ऐकू येऊ लागे. जाणता दुरुस्तीवाला गुणगुण ऐकताच एक कंडेन्सर बदलून संच परत देत असे. सबंध संच बदलण्याची गरज नसे.

तथापि, ट्रान्झिस्टर आल्यावर लोकांनी व्हॉल्व्हचे संच झपाट्याने दूर केले, आणि त्यात कोणाचे काही गेले नाही. याचे कारण उघड आहे : रेडिओच्या पोटात काहीही साठविलेले नसते. ध्वनी आकाशातून येतो. संच बदलला तरी तोच ध्वनी नव्या संचातून येतो. १९५६ मध्ये मुंबई राज्यात शेतकऱ्यांच्या श्रवणमंडळांचा जो प्रसिद्ध प्रयोग झाला, तो पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील १५० गावांत झाला आणि त्यात २० कार्यक्रम प्रक्षेपित झाले. युनेस्कोच्या साहाय्याने झालेल्या या प्रयोगात गावाच्या दृष्टीने महत्त्व होते ते कार्यक्रमाला आणि त्यानंतरच्या चर्चेला. संच कोणता आहे याला नव्हते.

ग्रामोफोन व रेडिओ यांच्या तुलनेतून दुसरा धडा निघतो. ज्या यंत्रातील ध्वनी बाहेरून येतो ते बदलावयास हरकत नसते. ज्या यंत्राच्या पोटात अथवा ज्याच्यावाचून न वाजणाऱ्या वस्तूत ध्वनी असतो, ते बदलणे हा निराळ्या जोखमीचा व्यवहार असतो. घरगुती संगणक या दोहोंपैकी कोणत्या वर्गात पडतो, यावर पुढील विवेचन अवलंबून आहे.

५. यंत्रशाळेची भिंत

संगणक हे मुळात घरात ठेवावयाचे यंत्र नव्हते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली घडविण्यात आलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे नामकरण झाले. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते आणि त्याच्या स्मृतीत २,०४८ शब्द मावत. एवढे व्हॉल्व्ह एकत्र तापले म्हणजे ती उष्णता बाहेर काढण्याची व्यवस्था हा अशा यंत्राच्या रचनेचाच भाग असे. परंतु वाऱ्याचा व पंख्यांचा आवाज हा कोणासही प्रश्न वाटला नाही, कारण यंत्र एका दालनात असे आणि त्याचा निकाल वाचणारा बहुधा दुसऱ्या दालनात.

त्याच संस्थेत १९६४ मध्ये अमेरिकन बनावटीचा सीडीसी ३६०० हा संगणक आला आणि टिफ्रॅकचे दिवस संपत आले. येथेही ‘असलेले चालवावे की नवे आणावे’ हाच निर्णय होता, आणि गणनेच्या वेगाच्या दृष्टीने नव्याचा स्वीकार अपरिहार्य होता. परंतु टिफ्रॅकच्या बांधणीतून जी माणसे तयार झाली, ती यंत्राबरोबर निवृत्त झाली नाहीत. यंत्र स्वतः बांधण्याचे खरे फळ बांधणाऱ्याच्या ज्ञानात असते, हे नवरचनेच्या बाजूचे सर्वांत भक्कम प्रमाण होय, आणि ते मान्य केले पाहिजे.

दिवाणखान्यातील संगणकाबाबत मात्र एक गोष्ट मुळातच बदलली. मधली भिंत नाहीशी झाली. यंत्रशाळा आणि श्रोता एकाच खोलीत आले. ज्याला आज यंत्राचा दोष म्हटले जाते, तो पुष्कळ अंशी जागेचा दोष आहे.

६. उष्णतेचा इतिहास

घरगुती संगणकाचा पंखा का घोंघावतो, याचे उत्तर त्याच्या मुख्य चिपेच्या इतिहासात आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभीच्या घरगुती संगणकांत मुख्य चिपेवर स्वतंत्र पंखा नसे. १९९३ च्या पहिल्या पेंटियमने सुमारे १५ वॉट उष्णता टाकली आणि तिच्यावर पंखा बसविणे सामान्य झाले. २००४ च्या सुमारास पेंटियम ४ च्या काही आवृत्त्या १०० वॉटच्या आसपास पोचल्या. म्हणजे तळहाताएवढ्या जागेत एका मोठ्या दिव्याइतकी उष्णता. नेमक्या याच काळात संगीत व चित्रपट संगणकावर साठविण्याची चाल पडली : एमपी३ हे धारिकांचे नाव १९९५ मध्ये निश्चित झाले होते, आणि चित्रपटांच्या आकुंचनाचे एच.२६४ हे मानक २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा रीतीने संगणकाच्या इतिहासातील सर्वांत तप्त यंत्रे आणि दिवाणखान्यात शांतपणे बसून ऐकण्याची हौस, यांची गाठ पडली. २००६ नंतर त्याच वर्गातील चिपा ६५ वॉटवर उतरल्या आणि पुढे आणखी शीतल झाल्या.

याच इतिहासात आणखी एक कारण दडलेले आहे. आकुंचनाची मानके बदलत गेली : एच.२६४ नंतर २०१३ मध्ये एचइव्हीसी आणि २०१८ मध्ये एव्ही१. नव्या यंत्रांत या मानकांची उकल करणारा स्वतंत्र विभाग चिपेतच असतो आणि तो अल्प श्रमात काम करतो. जुन्या यंत्रात तो नसल्यामुळे मुख्य चिपेस ते सर्व काम अंगमेहनतीने करावे लागते. ती तापते आणि पंखा धावू लागतो. म्हणून एखादा संगणक जुनी गाणी वाजविताना शांत आणि नवा चित्रपट लावताच घोंघावणारा असेल, तर तो आजारी नाही. त्याला त्याच्या काळानंतरचे दळण दिले गेले आहे.

७. शमनाचे गणित

आवाज शमविण्याच्या शास्त्रात तीन नियम मूलभूत आहेत, आणि तिन्ही सामान्य समजुतीच्या विरुद्ध जातात.

पहिला नियम असा की, पंख्याचा ध्वनी त्याच्या वेगाच्या साधारण पाचव्या घाताच्या प्रमाणात वाढतो, तर वारा केवळ वेगाच्या प्रमाणात वाढतो. वेग एक पंचमांशाने कमी केला तर वारा एक पंचमांशाने घटतो. ध्वनी मात्र सुमारे ५ डेसिबलने उतरतो. वेग निम्मा केल्यास ही घट १५ डेसिबल होते, आणि १० डेसिबलची घट कानास आवाज निम्मा झाल्यासारखी वाटते. म्हणून पंखा काढून टाकण्यापेक्षा तो किंचित मंद करणे अधिक फलदायी असते.

दुसरा नियम मोठ्या पंख्याचा. सारख्याच घडणीचा ८० मिलिमीटरचा पंखा काढून १२० मिलिमीटरचा बसविला, तर तेवढाच वारा मिळण्यासाठी त्यास पूर्वीच्या सुमारे ३० टक्के वेगाने फिरावे लागते आणि ध्वनी सुमारे १४ डेसिबलने कमी होतो. परंतु या लाभास एक किंमत आहे : अशा मंद पंख्याचा दाब पूर्वीच्या एक पंचमांश होतो. मार्गात धुळीचा थर असेल तर तो त्यातून वारा ढकलू शकत नाही. अर्थात सफाईवाचून केलेला हा बदल यंत्रास शांतपणे भाजून काढतो.

तिसरा नियम बेरजेचा. ३५ डेसिबलचा आणि २५ डेसिबलचा असे दोन आवाज एकत्र आले तर त्यांची बेरीज ३५.४ डेसिबल होते. यातील लहान आवाज पूर्णपणे बंद केला तरी श्रोत्यास काहीही फरक कळत नाही. म्हणून शमनाचा आरंभ सर्वांत मोठा आवाज कोणता, हे ओळखण्यापासूनच झाला पाहिजे.

या ओळखीच्या कामी मराठीचे अनुकरणवाचक शब्द उपयोगी पडतात, हे भाषाभ्यासकाने ध्यानात घेण्यासारखे आहे. ‘घोंघावणे’ म्हणजे वारा, अर्थात वेगाने फिरणारा पंखा. त्यास सफाई व वेगनियमन पाहिजे. ‘घरघर’ म्हणजे बेअरिंग झिजले; पंखा बदलावा. ‘गुणगुण’ म्हणजे कॅबिनेटच्या पत्र्यास लागलेला कंप. रबराची वाशर घालावी. ‘खडखड’ म्हणजे पात्यास लागणारी सुटी तार. आणि ‘टकटक’ म्हणजे हार्ड डिस्क. या सर्वांत खऱ्या अर्थाने अंतकाळाची खूण एकच, ती म्हणजे पूर्वी न ऐकलेली व वारंवार येणारी टकटक. आणि विशेष हा की ती पुष्कळदा हळू आवाजाची असते. मोठ्या घरघरीने धास्तावलेला मनुष्य तिच्याकडे दुर्लक्ष करतो. ध्वनीची तीव्रता आणि धोक्याची तीव्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

८. नवरचनेचे आश्वासन

नवा संगणक शांत असेल हे आश्वासन कितपत खरे आहे? इतिहास सावधपणा शिकवितो. २००८ मध्ये अल्प विजेवर चालणारी अॅटम चिप आली. घरगुती मदरबोर्डवरील तिची एक आवृत्ती केवळ ४ वॉट घेई आणि तिला पंखा लागत नसे. परंतु तिच्या शेजारची साहाय्यक चिप २२ वॉट घेत असल्याने पंखा त्या दुसरीवर बसवावा लागला. म्हणजे शांततेसाठी घेतलेल्या मदरबोर्डवर आवाजाने फक्त आसन बदलले. २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा हाताच्या पंजावर मावणारा, पंखा नसलेला संगणक आला आणि घरगुती गाणी व चित्रपट यांसाठी तो लोकप्रिय झाला. परंतु वेगाची मागणी वाढत गेली, आणि २०२३ च्या पाचव्या आवृत्तीसाठी त्याच्या निर्मात्यांनीच पंख्याचे शीतक विक्रीस ठेवले. जे यंत्र मूकपणाबद्दल निवडले गेले होते, त्याच्या वंशजास पुन्हा वाचा फुटली.

यावरून नवरचना व्यर्थ ठरते असे मात्र नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून अथवा पुण्याच्या बुधवार पेठेतून सुटे भाग निवडून संगणक जुळविणाऱ्यास प्रत्येक भागाची उष्णता आधीच मोजता येते. ६५ वॉटच्या जागी १५ वॉटची चिप, फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आणि मानकांची उकल करणारा अंगभूत विभाग, एवढे साधले तर शांतता ही नंतर लावावयाची मलमपट्टी न राहता रचनेचा गुण बनते. लाखेची खरखर जशी वंगणाने गेली नाही, तशी १०० वॉटची उष्णता रबराच्या वाशरने जात नाही. दोष जेथे पदार्थात असेल तेथे पदार्थच बदलावा लागतो.

९. कोरीटचा उन्हाळा

आतापर्यंतचे विवेचन थंड खोलीस धरून झाले. खानदेशातील घराचा विचार करताना त्यात दोन गोष्टींची भर घालावी लागते, आणि त्यांनी निर्णयाचे रूप पालटते.

पहिली गोष्ट हवामानाची. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा, आणि त्यातील कोरीट, हा सर्व प्रदेश कडक उन्हाळ्याचा. वैशाखात येथे पारा ४० अंशांच्या वर जाणे ही नित्याची गोष्ट होय. चिपेतून किती उष्णता बाहेर पडेल हे चिप आणि खोलीची हवा यांच्या तापमानातील अंतरावर अवलंबून असते. चिपेची मर्यादा ९० अंश धरली, तर २२ अंशांच्या खोलीत हे अंतर ६८ अंश असते. ४३ अंशांच्या खोलीत ते ४७ अंश उरते. म्हणजे तोच पंखा, त्याच वेगाने, सुमारे ३१ टक्के कमी उष्णता वाहून नेतो. परदेशी पुस्तिकांतून ‘शांत’ म्हणून सांगितलेला पंख्याचा वेग येथे तसाच लावल्यास यंत्र तापते आणि स्वतःची गती कमी करून घेते. कोरीटच्या उन्हाळ्यात यंत्राने हिवाळ्यापेक्षा अधिक आवाज करणे हे स्वाभाविक आहे. ती जात्याची घरघर होय.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, आणि तिचा संबंध यंत्राच्या पोटाशी आहे. खानदेशी आणि भिल्ली बोलींची पद्धतशीर नोंद ग्रीअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात १९०७ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे १९१३ ते १९२९ या काळात त्या सर्वेक्षणास पूरक म्हणून हिंदुस्थानातील अनेक भाषांच्या व बोलींच्या ग्रामोफोन-तबकड्या करण्यात आल्या, आणि त्या आज जगात कोठेही ऐकता येतात. त्या टिकल्या याचे कारण त्यांच्या प्रती ग्रंथालयांत होत्या आणि पुढे त्या नव्या रूपात उतरविल्या गेल्या. यंत्रे गेली, ध्वनी राहिला.

घरातील ध्वनीस असे ग्रंथालय नसते. लग्नातील अहिराणी गाणी, आजीने सांगितलेल्या कहाण्या, कॅसेटवरून संगणकात उतरविलेले भजन, कोणा दिवंगताचा आवाज, हे सर्व पुष्कळदा एकाच हार्ड डिस्कवर, एकाच प्रतीत, दिवाणखान्यातील त्या घरघरणाऱ्या पेटीत असते. वर केलेल्या वर्गीकरणानुसार असे यंत्र रेडिओच्या नव्हे, ग्रामोफोनच्या वर्गात पडते. जो आपला संगणक केवळ दूरवरून येणारी गाणी ऐकण्यास वापरतो, त्याने तो खुशाल बदलावा. त्याच्या यंत्राच्या पोटात काही नाही. परंतु ज्या बोलींचे ध्वनिमुद्रण अन्यत्र विरळ आहे, त्या बोलींच्या प्रदेशात घरगुती यंत्र हे नकळत दप्तरखाना झालेले असते. त्याचे जाहीर काम गाणी लावणे हे असले, तरी अध्याहृत काम आवाज जपणे हे असते; आणि ते अध्याहृत काम नवे यंत्र आपण होऊन उचलीत नाही, हे जात्याच्या इतिहासात दिसलेच आहे.

येथे शमनाचे मोलही वेगळे ठरते. पंख्याचा आवाज सर्व वारंवारतांवर पसरलेला असल्यामुळे तो बोलण्यातील दुर्बळ ध्वनी प्रथम झाकतो : अघोष घर्षक, शब्दान्तीचे क्षीण स्वर, महाप्राणातील श्वास. जुन्या, अस्पष्ट ध्वनिमुद्रणात बोलीबोलींतील भेद पुष्कळदा याच ध्वनींत असतात. यंत्राचा आवाज कमी करणे हे अशा ठिकाणी केवळ सुखाचे साधन नसून श्रवणाची अट असते.

१०. समारोप

शमन आणि नवरचना हे परस्परांचे शत्रू नसून त्यांचा क्रम हाच खरा प्रश्न आहे, असे या इतिहासावरून म्हणावयास हरकत नाही. प्रथम, यंत्राच्या पोटात जे आहे त्याच्या दोन प्रती निराळ्या ठिकाणी काढाव्यात. हे होईपर्यंत यंत्र कितीही घरघरले तरी हरकत नाही. नंतर धूळ काढावी, आणि आवाज कोणत्या शब्दाने सांगता येतो ते ऐकावे. रिकामे बसलेले यंत्रही घरघरत असेल तर पंख्याचा दोष आहे व तो स्वल्प खर्चात जातो. केवळ नवे चित्रपट लावताच घोंघावत असेल तर त्याच्या शक्तीबाहेरचे काम त्यास पडत आहे, आणि तेव्हा नवी रचना करणेच उचित होय. या दोहोंच्या मध्ये तिसरा मार्ग आहे, तो यंत्रशाळेने दाखविलेला : पेटी शेजारच्या खोलीत ठेवून तार भिंतीतून आणावी. हा मार्ग सर्वांत स्वस्त असून क्वचितच सुचविला जातो, कारण त्यात विकावयाचे काही नसते.

नवे यंत्र उभे राहिल्यावरही जुने लगेच मोडीत देऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम देशात लागू झाले आहेत आणि जुने यंत्र अधिकृत पुनर्चक्रणाकडे जाणे इष्टच आहे; परंतु त्याआधी त्यातील प्रत्येक ध्वनी नव्या यंत्रावर एकदा तरी वाजवून पाहावा. प्रत काढली आहे आणि प्रत वाजते आहे, या दोन वाक्यांतील अंतरात पुष्कळ आवाज हरवले आहेत.

‘घरघर’ या शब्दाचे दोन्ही अर्थ भाषेने जपून ठेवले आहेत. यंत्राजवळ बसून त्यांपैकी कोणता लागू पडतो हे ठरविण्याचे काम मात्र प्रत्येक घरास स्वतःच करावे लागते, आणि ते काम कानानेच होते.